‘हिल व्ह्यू’ प्लॉटची मोफत साइट व्हिजिट: पोहे उत्तम, जमीन जिन्यासारखी

पाचपैकी दोन स्टार. एक पोह्यांना, दुसरा ड्रायव्हरला. कंपनीचं नाव लिहीत नाही. पौड रस्त्याला लागलात की दर दुसऱ्या होर्डिंगवर असली एक कंपनी आहे. एकीचं नाव घेतलं तर बाकीच्यांना वाटायचं, चला, आपण सुटलो.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे पुढचं लिहिणं कुठून येतंय ते कळेल. चाळीस वर्षं पुण्यात बांधकामावर सुपरवायझर होतो. शिक्षण आयटीआय. खिशात ओळंबा, कमरेला टेप. आयुष्य ढाळ काढण्यात गेलं. बाथरूमच्या फरशीला शंभराला एक (शंभर फुटांत एक फूट उतार), चार इंची ड्रेनेजच्या पाइपला चाळिसाला एक, व्हीलचेअरच्या रॅम्पला बाराला एक. ढाळ चुकला की पाणी तुंबतं आणि तुंबलं की फोन मलाच यायचा. त्यामुळे जमीन कुठे कलते हे मला चपलेतून कळतं. यात फुशारकी नाही, सवय आहे.

प्लॉट मला घ्यायचा नव्हता. मेहुणा बँकेतून निवृत्त झाला, पैसे हातात आले आणि त्याच्या डोक्यात डोंगरावरचा बंगला शिरला. “दाजी, तुम्ही फक्त बरोबर चला, तुमची नजर पाहिजे,” असं म्हणाला. नजर पाहिजे म्हणाला खरा, पण टोकनचे 21,000 त्याने आदल्या दिवशीच फोनवरून भरून टाकले होते. हे मला गाडीत बसल्यावर सांगितलं.

रविवारी सकाळी साडेसातला कोथरूडला कर्वे पुतळ्याजवळ एसी गाडी हजर. वेळेवर. ड्रायव्हर साठीच्या आसपासचा, गाडी अशी चालवली की मागच्या सीटवरच्या आजींची डुलकीही मोडली नाही. पिरंगुटच्या पुढे एका हॉटेलात नाश्ता. पोहे गरम, मोकळे, वर ओलं खोबरं आणि शेव वेगळी दिलेली, म्हणजे मऊ पडत नाही. चहा दोनदा. मागितलं तर तिसऱ्यांदाही. इथपर्यंत तक्रार शून्य.

आमच्याबरोबर एक पोरगा दिलेला. पंचविशीतला, इस्त्रीचा शर्ट, सगळ्यांना काका-काकू. बोलायला गोड. त्याच्यावर माझा राग नाही. त्याला जेवढं शिकवलंय तेवढंच तो बोलतो.

साइटवर कमान, कमानीला सिमेंटचे दोन घोडे आणि बाजूला पंपावर चालणारा धबधबा. डोंगर विकत घ्यायला आलेल्या माणसाला पंपाचा धबधबा कशाला दाखवायचा, हे मला कळलेलं नाही. आत गेलो तर सबंध उतार टप्प्याटप्प्याने कापलेला. एकावर एक सात टप्पे. प्रत्येक टप्पा टेबलासारखा सपाट, चुन्याने रेषा मारलेल्या, कोपऱ्यांना झेंडे. प्लॉट पाच गुंठ्यांचा. 60 फूट खोल, 90 फूट रुंद.

“काका, बघा, एकदम लेव्हल. घर बांधायला एक फावडंही मारावं लागणार नाही.”

मेहुणा खूश. मी मागे वळून टप्प्याची भिंत बघत होतो.

आता मुद्दा. महाराष्ट्रात डिसेंबर 2020 पासून एकच बांधकाम नियमावली आहे, मुंबई आणि काही मोजके भाग सोडून जवळजवळ सगळ्या राज्याला लागू. ऑफिसात तिला यूडीसीपीआर म्हणतात. तिच्यात डोंगरासाठी नियम साधा आहे: जमिनीचा उतार 1:5 किंवा त्याहून जास्त असेल तर तिथे बांधकाम चालत नाही. बांधकाम सोडा, तासणं, भरणं, सपाट करणंही चालत नाही. 1:5 म्हणजे पाच फूट आडवं गेल्यावर एक फूट चढ. अंशात सांगायचं तर अकराच्या थोडं वर. कागदावर अकरा अंश किरकोळ वाटतात. व्हीलचेअरच्या रॅम्पच्या दुपटीहून जास्त चढ आहे तो. सिमेंटची पिशवी खांद्यावर घेऊन चढून बघा.

मग हे सात टप्पे आधीच टेबलासारखे का केले? कारण सपाट केल्यावर उतार मोजायचा कशाचा? मोजणीवाला टोटल स्टेशन, म्हणजे मोजणीचं यंत्र, लावून प्रत्येक प्लॉट मोजणार आणि लिहिणार, सपाट. जेसीबी आधी, मोजणी नंतर. सगळी गोम या क्रमात आहे.

पण जिना बांधलेल्या माणसाला फसवणं अवघड. जिन्याचा चढ काढायला उताराची गरज नसते. पायरीची उंची आणि पायरीची रुंदी पुरते. हा डोंगर म्हणजे सात पायऱ्यांचा जिनाच की. टेप काढला. पोरगा म्हणाला, “काका, माप ब्रोशरमध्ये आहे.” म्हटलं, असू दे, हाताला सवय आहे. मेहुण्याला वरच्या टप्प्याच्या काठावर उभं केलं, टेपच्या टोकाला दगड बांधून खाली सोडायला लावला. उंची 15 फूट. पायरीची रुंदी, म्हणजे प्लॉटची खोली, 60. भिंत थोडी तिरकी होती, तिचे तीन फूट आडव्यात धरले तर 63 ला 15. म्हणजे सव्वाचारला एक. नियमात बसायला ही पायरी साडेबारा फुटांच्या आत हवी होती.

हे कोणालाही करता येतं, म्हणून सविस्तर लिहितोय. टप्प्याची उंची मोजा, त्याला पाचाने गुणा. उत्तर टप्प्याच्या रुंदीएवढं किंवा त्याहून जास्त आलं तर मूळ डोंगर 1:5 किंवा त्याहून तीव्र होता. अजून तासलेलं नसेल तर आणखी सोपं. एक गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट. वरच्या कडेपासून खालची कड 6 फूट 7 इंच खाली असली की गाठलीच मर्यादा. गवंड्याची पारदर्शक नळी पाण्याने भरा, दोन माणसं दोन टोकांना उभी राहा, झालं काम.

भिंतीकडे परत येतो, कारण खरं वाचायचं तिच्यातच होतं. खालचा अर्धा भाग मुरुमाचा, थर जसेच्या तसे, आडव्या रेघा दिसतात. वरच्या अर्ध्या भागात सगळी खिचडी: माती, डबर, गवताची मुळं, एके ठिकाणी सिमेंटच्या रिकाम्या गोणीचा कोपरा. म्हणजे मागचा डोंगर कापून निघालेला माल पुढे ढकलून टप्पा रुंद केलाय. निम्मा प्लॉट कापलेल्या जमिनीवर, निम्मा भरावावर. आणि बंगला कुठे येणार? बरोबर मधे. एक पाय कडक मुरुमावर, दुसरा उचलून टाकलेल्या मातीवर. दोन पावसाळ्यांत भराव बसतो आणि मधोमध तडा जातो. तडा दिसला की लोक रंगवाल्याला बोलावतात.

मी विचारलं, भराव किती थरांत दाबलाय? पोरगा म्हणाला, “मशिनने दाबलंय काका.” मशिनने म्हणजे रोलरने की पोकलेनने वरून बादली आपटून? त्याला माहीत नव्हतं. भिंतीला आधार म्हणून तळाला तीन फूट दगडी पिचिंग केलेलं, वर मोकळं. पाणी बाहेर पडायला एकही भोक नाही.

मुरुमाचा हिशेब डोक्यातच मांडला. एका गुंठ्याची 33 फुटी जागा 1:5 उतारावर सपाट करायची तर निम्मं कापून निम्मं भरायचं, साधारण 9 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) मुरूम कापावा लागतो. हा पाच गुंठ्यांचा प्लॉट, 60 फूट खोल आणि उतार चारला एक. याला शंभर ब्रासच्या वर. जागा पाचपट, माती अकरापट. सपाटी जितकी खोल न्याल तितका डोंगर जास्त खाल्ला जातो. जुनी वाडीवरची घरं लांबट, अरुंद आणि उताराला आडवी का असायची ते यातून कळतं. आणि असे प्लॉट तिथे चाळीसच्या वर. एवढा मुरूम खणायची, म्हणजे गौण खनिजाची, परवानगी काढली होती का, असं विचारलं तर पोरगा म्हणाला, मॅनेजरसाहेबांना विचारतो. मॅनेजरसाहेब जेवणाच्या मांडवात भेटले आणि विषय मटणाकडे गेला. जेवण बरं होतं. रस्सा तेलकट.

आणखी एक गोष्ट खटकली. तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्याच्या मधून रस्ता गेलाय. त्याच्या वरच्या बाजूला उंबर आणि जांभळाची एक सरळ रांग डोंगरावरून खाली येते आणि रस्त्याशी तुटते. अशी झाडं उतारावर रांगेत कोणी लावत नाही. ती ओढ्याच्या काठाची झाडं. ओढा कुठे गेला? रस्त्याखाली एक नळी टाकलेली, तोंड निम्मं गाळाने बुजलेलं. खाली पलीकडे ‘क्लब हाऊस’.

जून 2013 मध्ये कात्रजच्या बोगद्याजवळ शिंदेवाडीला हेच झालं होतं. वरचा डोंगर फोडलेला, पाण्याची वाट बुजवलेली. पहिल्याच जोराच्या पावसात लोंढा सातारा रस्त्यावर आला आणि एक आई आणि तिची लहान मुलगी वाहून गेल्या. पुण्यात तेव्हा आठवडाभर डोंगरफोडीवर सगळे बोलत होते.

दरडीखाली गेलेल्या माळीणचं नाव लोक अशा वेळी पटकन घेतात. 30 जुलै 2014. तळिये, 22 जुलै 2021. इरशाळवाडी, 19 जुलै 2023. ती जुनी वस्तीची गावं होती, कोणी ब्रोशर छापून विकलेली नव्हती, त्यामुळे ती या प्लॉटिंगच्या खात्यावर टाकणं बरोबर नाही. मला त्यातला फक्त महिना दिसतो. डोंगर बोलतो तो जुलैत, वरची माती आणि मुरूम पाण्याने गच्च झाल्यावर. आणि कंपनीच्या साइट व्हिजिट कधी? पोराने सांगितलं, डिसेंबर ते मे. जूनपासून ‘रस्ता थोडा खराब असतो काका’.

आता माझं स्वतःचं एक सांगतो, नाहीतर हे सगळं फार सोवळं वाटेल. 97-98 च्या सुमाराला दक्षिण पुण्यात एका टेकडीच्या पायथ्याशी माझी साइट होती. मालकाने सांगितलं, आधी सपाट करून घे, मग मोजणीवाला बोलावू. मी सपाट करून घेतलं. वीस फूट कापलं. मला नियम माहीत नव्हता असं नाही, विचारायचं मनात आलं नाही. ऑगस्टात मागची भिंत बसली, पार्किंगमधल्या सहा स्कूटर गाडल्या गेल्या. रविवार होता म्हणून माणूस नव्हता. मालकाने भिंत पुन्हा बांधली, यावेळी भोकं ठेवून. त्या बिल्डिंगवरून आजही जातो तेव्हा मान त्या बाजूला वळत नाही.

त्यामुळे पोराने जेव्हा त्याचं हुकमी वाक्य टाकलं, “काका, तो 1:5 चा नियम पुण्यातल्या टेकड्यांना, इकडे शेती झोन आहे,” तेव्हा मला राग नाही आला, ओळखीचं वाटलं.

परत आल्यावर मी मेहुण्याकडून गट नंबर घेतला. सातबारा ऑनलाइन मिळाला, गटाचा नकाशा मिळाला, झोन दाखल्यासाठी अर्ज केला. दाखला यायला वीस-बावीस दिवस आणि तीन फेऱ्या लागल्या. कुठल्या ऑफिसात ते राहू दे. खिडकीवरच्या बाईंनी नकाशा उलटा धरून का होईना पण नीट समजावून सांगितलं, हे मान्य करतो. गटाचा वरचा भाग ‘हिल टॉप-हिल स्लोप’मध्ये, म्हणजे टेकडीच्या झोनमध्ये, खालचा शेती विभागात. आमचा प्लॉट खालच्या भागात. म्हणजे पोरगा खोटं बोलत नव्हता. झोन शेतीच.

पण नकाशावरचा रंग वेगळा आणि जमिनीचा उतार वेगळा. टेकडीचा रंग असलेल्या भागाला त्याची वेगळी बंधनं आहेतच. 1:5 चा नियम मात्र रंग बघत नाही, झोन कुठलाही असो, उतार तेवढा असला की लागू. विकणारे रंग दाखवतात, कारण रंग दाखल्यावर छापलेला असतो. उतार कुठेच छापलेला नसतो.

म्हणजे जुन्या टोपोशीटवर असतो. पुतण्याने भारतीय सर्वेक्षण विभागाचा 1:50,000 चा नकाशा काढून दिला. त्यावर दर 20 मीटरला एक समोच्च रेषा असते. 20 मीटर चढायला 100 मीटर आडवं म्हणजे 1:5, आणि 100 मीटर म्हणजे त्या नकाशावर 2 मिलिमीटर. शाळेची पट्टी घ्यायची. दोन रेषांमधलं अंतर 2 मिलिमीटरपेक्षा कमी दिसलं की समजायचं. आमच्या ठिकाणी दीडच्या आसपास भरलं. नुसत्या एवढ्या छोट्या मापावर मी पैसे लावणार नाही, पण टेपने काढलेला सव्वाचारचा आकडा आणि हा, दोघं एकाच बाजूला बोट दाखवत होते. मग पुतण्याने उपग्रहाची जुनी चित्रं उघडली, तारखा मागे सरकवल्या. सहा वर्षांपूर्वी तिथे सलग उतार, मधून झाडांची हिरवी रेघ. पुढच्या चित्रात पिवळ्या पट्ट्या. मोजणी नकाशाची तारीख पिवळ्या पट्ट्यांच्या नंतरची.

माझं मत विचाराल तर नियम चांगला आहे, पण मोजायची वेळ चुकलेली. परवानगीला आलेल्या प्रत्येक डोंगराळ गटाला ‘तासण्यापूर्वीचा’ उतार जोडायला लावला तर निम्मी होर्डिंगं उतरतील. तासलेल्या जमिनीचा आजचा उतार विचारणं म्हणजे दाढी करून आलेल्या माणसाला मिशा होत्या का ते तपासणं.

दुसरी बाजूही ऐकली. साइटच्या खाली गावात चहाला थांबलो तेव्हा ज्यांची ती जमीन होती त्यांच्यातले एक म्हातारे भेटले. म्हणाले, “आम्ही होतो तोवर गोठा बांधायला गेलो तरी नियम. त्यांनी घेतली आणि घोडे बसवले.” त्यांनी विकली तेव्हा डोंगर म्हणून विकली, कवडीमोलाने, कारण डोंगरावर काही होत नाही असं सगळे सांगायचे. पुण्यातही हेच दुखणं आहे. 1997 ला 23 गावं महापालिकेत आली, त्यांच्या टेकड्यांवरचं 978 हेक्टर जैवविविधता उद्यानासाठी राखलं. ते राहावं म्हणून पुणेकर वर्षानुवर्षं भांडले आणि बरोबर भांडले. 2015 ला सरकारने मंजुरी दिली, मालकांना मोबदला म्हणून 8 टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क. ज्याची चार पिढ्यांची जमीन आहे त्याला 8 टक्के सांगून बघा. टेकडी वाचली पाहिजे यावर माझं दुमत नाही, पण तिची किंमत फक्त ज्याच्या सातबाऱ्यावर ती आहे त्यानेच का भरायची? तो मग कंटाळून विकतो. आणि घेणाऱ्याकडे जेसीबी असतो.

टोकनचं काय झालं ते वाचणाऱ्यांना हवं असेल. पावतीवर ‘परतावा नाही’ छापलेलं होतं. मेहुण्याने झोन दाखल्याची, टेप धरलेल्या फोटोंची आणि जुन्या उपग्रह चित्रांची प्रत जोडून पत्र दिलं. दोन महिन्यांनी 15,000 परत आले. उरलेले 6,000 ‘प्रोसेसिंग’. पोहे महाग पडले. मेहुणा आता म्हणतो की त्याला पहिल्यापासूनच शंका होती.

जाणार असाल तर जा, गाडी खरंच चांगली आहे आणि रविवार छान जातो. टोकन घरी ठेवून जा, टेप घेऊन जा. जुलैत दाखवा म्हणा आणि काय उत्तर येतं ते इथे लिहा.

परवा कंपनीतून एका मुलीचा फोन आला, व्हिजिटला पाचपैकी किती द्याल? दोन म्हटलं. तिने विचारलं, सर, आम्ही काय सुधारू शकतो? म्हटलं, डोंगर कापण्यापूर्वीचा उताराचा नकाशा फाइलला लावा. ती थोडा वेळ थांबली, कुणाला तरी विचारलं असावं, आणि म्हणाली, “सर, तो आमच्याकडे नाहीये. पण ड्रोनचा व्हिडिओ आहे, म्युझिकसहित. पाठवू का?”